ज्यांची नावे तबकडीवर नव्हती

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी आरोग्य, बचत, मुलांचा अभ्यास, उन्हाळ्याची वाळवणे असे उपयोगाचे विषय घेतो. यंदा मला विचारणा झाली तेव्हा मी एक बिनउपयोगाचा वाटणारा विषय मागून घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माहेर धुळ्याचे, सासर जळगावचे. आपल्या भजनात मी पेटी धरते, तेवढाच माझा गाण्याशी संबंध. तरी जे ऐकले, वाचनालयातून आणून वाचले आणि मुलांकडून समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवते. काही राहून गेले तर जाणत्यांनी भर घालावी.

विषय असा. रेडिओवर गाणे लागले की आपण म्हणतो, हे लताबाईंचे, हे आशाबाईंचे. निवेदिका आणखी दोन नावे सांगते, गीतकाराचे आणि संगीतकाराचे. पण गायिकेने तोंड उघडण्यापूर्वी वीस-पंचवीस व्हायोलिने एकदम उसळतात, मध्येच बासरीचा एक तुकडा येतो, कडवे संपता संपता ट्रम्पेट हलकेच साद देतो. हे कोणत्या वाद्याने, कोणत्या क्षणी, कोणत्या स्वरात वाजवायचे हे कोणी ठरवले? त्यांचे नाव कोणी सांगत नाही. मला बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी.

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. बहिणाबाई आसोद्याच्या, म्हणजे आपल्याच. १९६१ साली ‘मानिनी’ चित्रपटात त्यांची गाणी आली आणि साऱ्या महाराष्ट्राच्या ओठी बसली. कविता बहिणाबाईंची हे शाळेतले पोरही सांगेल. चाल कोणाची, असे विचारले तर मात्र आपण एकमेकींच्या तोंडाकडे पाहू. ती वसंत पवारांची. ते मूळचे सतार वाजवणारे. पुढे चारच वर्षांनी, १९६५ साली, ते अकाली वारले. चाल बांधणाऱ्याची ही गत, तर त्या चालीमागे वाद्ये मांडणाऱ्याला कोण विचारतो?

आता वाद्यवृंद म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगते. श्रावणात कानबाई बसते तेव्हा आपण रात्र जागवून गाणी म्हणतो. एक जण सांगते, बाकीच्या उचलतात. वीस बायका असल्या तरी साऱ्यांचा सूर एकच. लग्नाच्या वरातीतल्या बँडचेही बहुतेक तसेच. क्लॅरिनेटवाला पुढे वाजवतो आणि बाकीचे त्याच्यामागून तीच चाल धरतात. वाद्यवृंदाची गोष्ट निराळी. तिथे चाळीस माणसे एकाच वेळी वेगवेगळे वाजवत असतात. व्हायोलिन एक सांगते, चेलो खालून दुसरेच सांगतो, बासरी त्या दोघांच्या मधून वाट काढते, आणि तरी ऐकणाऱ्याला सगळे मिळून एकच वाटते. आपल्या भरिताचे पाहा. भाजलेले वांगे, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. प्रत्येकाची चव निराळी, पण प्रमाण साधले की घास एक. ते प्रमाण साधणारा हात म्हणजे संगीत-संयोजक. चित्रपटाच्या धंद्यात त्याला अ‍ॅरेंजर म्हणत.

चाळीस जणांनी चाळीस गोष्टी वाजवायच्या तर त्या तोंडी सांगून कशा भागणार? त्या कागदावर लिहाव्याच लागतात. आपल्याकडचे थोर थोर गवई-वादक गुरूसमोर बसून कानाने शिकलेले. पाच रेघांवर स्वर लिहिण्याची आणि तो कागद पाहून वाजवण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती. ती होती गोव्याच्या ख्रिस्ती मुलांपाशी. गोवा १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तिथल्या चर्चच्या गावशाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत असत. हेतू एवढाच, की प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे मिळावेत. पण पोटासाठी मुंबईला आल्यावर त्यांना हीच विद्या कामी आली. हॉटेलांतले बँड आणि चित्रपटांचे ध्वनिमुद्रण, दोन्हीकडे वाचून वाजवणारी माणसे हवी होती.

काम चाले ते असे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. संयोजक ती मनात घेई आणि प्रत्येक वाद्याचा कागद हाताने लिहून काढी. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सारे वादक आणि गायक एकत्र जमत. तेव्हा आजच्यासारखे एकेकाचे वेगळे मुद्रण करून मागाहून जोडण्याची सोय नव्हती. सारे एका दमात. एकाचा स्वर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. गाणे झाले की वादकांनी पैसे घेऊन घरी जावे. कागदांचे काम संपले, बहुतेक कागद कुठे गेले कोणास ठाऊक. तबकडीवर गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव. संयोजकाचे नाव चित्रपटाच्या आरंभी आलेच तर ‘साहाय्यक’ म्हणून, डोळा लवेपर्यंत निघून जाणारे.

यांतल्या काहींची नावे तरी आज आपल्या कानांवर पडू द्या.

सेबॅस्टियन डिसूझा हे एक. फाळणीपूर्वी ते लाहोरला बँड चालवीत. तिथून मुंबईला आले आणि १९५२ पासून वीसहून अधिक वर्षे शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन त्यांनी केले. ओ. पी. नय्यर यांच्याकडेही त्यांचे काम होते. ‘श्री ४२०’ हा १९५५ सालचा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिला असेल. पावसात एका छत्रीखाली राज कपूर आणि नर्गिस चालतात, ते गाणे आठवा. शब्द थांबले की व्हायोलिने बोलू लागतात, आणि शब्द चालू असतानाही मागे त्यांचा निराळा धागा चालू असतो. मुख्य चालीला न झाकता तिच्या मागून दुसरी चाल चालवायची, हे सेबॅस्टियन यांचे कसब. जावा-जावांनी एका स्वयंपाकघरात न धडकता वावरावे, तसे!

दुसरे चिक चॉकलेट. खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातले हळदोणे. ट्रम्पेट वाजवण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचे ते साहाय्यक. भगवानदादांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त तर ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. भगवानदादांचा नाच सगळ्यांना आठवतो, ट्रम्पेटवाला आठवत नाही. तिसरे फ्रँक फर्नांड, कुडचड्याचे. मोठमोठ्या संगीतकारांकडे साहाय्यक म्हणून काम केल्यावर त्यांनी आपल्या कोकणी भाषेसाठी १९६३ साली ‘आमचें नशीब’ आणि १९६६ साली ‘निर्मोण’ हे चित्रपट काढले.

आता चौथे नाव, ज्याच्यासाठी मी हा विषय मागून घेतला. अँथनी गोन्साल्विस. हसलात ना? १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’त मोठ्या अंड्यातून बाहेर येणारा, उंच टोपी घातलेला अमिताभ बच्चन डोळ्यांपुढे आला असणार. पुष्कळांना वाटते, गमतीसाठी जोडलेले ते नाव. पण या नावाचा माणूस खरोखर होता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. राहुल देव बर्मनही त्यांचे विद्यार्थी. शिष्याने गुरूची आठवण ठेवली ती अशी गाण्यात.

गोन्साल्विस १९२७ साली गोव्यात माजोर्ड्याला जन्मले. वडील चर्चमधल्या गायनाचे प्रमुख, तेच पहिले गुरू. १९४३ साली, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास, ते मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वादकांत व्हायोलिन वाजवू लागले. पुढे अनेक संगीतकारांकडे वादक आणि संयोजक झाले. पण त्यांचे मन एवढ्यावर भरेना. गोव्यात साहेबी स्वरलेखन शिकलेल्या या मुलाला मुंबईत हिंदुस्थानी रागांची गोडी लागली. हे राग पाश्चात्त्य पद्धतीच्या मोठ्या वाद्यवृंदातून वाजवावेत, आणि तेही चित्रपटातील गाण्याच्या मागे लपून नव्हे तर स्वतंत्रपणे, असे त्यांनी मनात घेतले.

हे किती अवघड ते माझ्या पेटीवरून सांगते. पाश्चात्त्य संगीतात सा, ग, प असे तीन स्वर एकदम दाबून सुराला भरदारपणा आणतात. आता दुपारचा राग सारंग घ्या. त्यात गंधार आणि धैवत वर्ज्य. गंधार लावला की राग मोडला, आणि गंधार सोडला की साहेबी पद्धतीचा नेहमीचा आधारच गेला. राग राखायचा आणि चाळीस वाद्येही एकदम वाजवायची, म्हणजे सोवळे सांभाळून पंगत वाढण्यासारखे. गोन्साल्विस यांनी नेमक्या याच सारंगात कॉन्चेर्तो लिहिला. कॉन्चेर्तो म्हणजे एक वाद्य पुढे आणि सारा वाद्यवृंद त्याच्याशी सवाल-जवाब करतो आहे, अशी रचना. त्यांच्या दुसऱ्या एका कृतीचे नाव ‘सोनाटिना इंडियाना’.

१९५८ साली त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्याचा कार्यक्रम झाला. गोव्याचे, पारशी, हिंदू, मुसलमान असे वादक एका रांगेत बसले आणि लता मंगेशकर व मन्ना डे हे त्यांच्यासह गायले. एरवी ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत बसणारी ही माणसे त्या दिवशी लोकांसमोर आली, आणि लोकांनी त्यांचे वाजवणे ऐकले ते त्यांच्या वाजवण्यासाठी म्हणून.

परंतु हा उद्योग फार काळ टिकला नाही. एवढ्या माणसांचा ताफा पोसायला राजाश्रय हवा किंवा लोकाश्रय. दोन्ही नव्हते. १९६५ साली ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. मायदेशी परतल्यावर चित्रपटाच्या धंद्यात पुन्हा न शिरता ते माजोर्ड्याला आपल्या घरी शांतपणे राहिले. सारा देश त्यांच्या नावाचे गाणे म्हणत होता आणि ते नाव ज्याचे, तो गोव्याच्या एका खेड्यात आपल्या व्हायोलिनसह बसला होता. १८ जानेवारी २०१२ रोजी ते गेले.

भगिनींनो, आपली लोकगीते, आपले राग मोठ्या वाद्यवृंदात न्यावेत हे वेड एकट्या गोन्साल्विस यांचे नव्हते. जगात इतरत्रही ते झाले, आणि एका देशाची हकीकत आपल्याला फार जवळची वाटावी अशी आहे. तो देश बल्गेरिया. युरोपच्या आग्नेय टोकाला, शेतकऱ्यांचा मुलूख. सुमारे पाचशे वर्षे तुर्कांच्या अमलाखाली होता, १८७८ साली मोकळा झाला. तिथल्या शेतकरी बाया-माणसांच्या नाचांचे ताल आपल्या कानांना लगेच ओळखीचे वाटतात, कारण ते सरळ दोन-चारचे नसतात. त्यांचा ‘राचेनित्सा’ नावाचा नाच सात मात्रांचा आहे, दोन-दोन-तीन असा. आपला रूपकही सातच मात्रांचा, पण तीन-दोन-दोन असा. म्हणजे घागर तीच, डोक्यावरून कमरेवर घेतली इतकेच.

त्या देशात पेत्को स्ताइनोव्ह नावाचे संगीतकार होऊन गेले, जन्म १८९६. अकराव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. तरी त्यांनी मोठ्या वाद्यवृंदासाठी ‘थ्रेसचे नाच’ लिहिले. त्यात हा सात मात्रांचा राचेनित्सा आहे आणि अस्वल नाचवणाऱ्या दरवेशाचा नाचही आहे. आपल्या गल्लीत दरवेशी अस्वल घेऊन येत असे ते मोठ्या बायकांना आठवत असेल. दुसरे पांचो व्लादिगेरोव्ह, १८९९ ते १९७८. बर्लिनला जाऊन शिकले, पण लिहिले ते मायदेशाच्या सुरांवर. १९२२ सालची त्यांची ‘वर्दर’ ही रचना तिथे घरोघरी ठाऊक आहे. वर्दर हे नदीचे नाव, जशी आपली तापी. आधी ती व्हायोलिन आणि पियानोसाठी होती, मागाहून त्यांनीच ती पूर्ण वाद्यवृंदासाठी मांडली. तिसरे मारिन गोलेमिनोव्ह. निखाऱ्यांवरून अनवाणी नाचणाऱ्या खेड्यातल्या स्त्रियांवर त्यांनी १९४० साली नृत्यनाट्य रचले. या तिघांची नावे युरोपातही फार लोकांना माहीत नसतील. पण त्यांच्या देशाने त्यांचे कागद जपले, त्या रचना आजही वाजतात, आणि राजधानी सोफियातल्या सरकारी संगीत विद्यालयाला व्लादिगेरोव्ह यांचे नाव आहे.

मुलाच्या मोबाइलवर मी ‘वर्दर’ लावले तेव्हा सासूबाई निवडटिपण करीत होत्या. त्यांनी विचारले, “हाई काय शे वं माय?” मी म्हटले, लांबच्या देशाचे गाणे आहे. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग ताटातली डाळ तशीच ठेवून बोटाने ताल धरू लागल्या. मला तेवढे पुरे झाले. कानाला पारपत्र लागत नाही.

कोणी म्हणेल, व्हायोलिन-ट्रम्पेट ही परक्यांची वाद्ये, आपल्याला काय त्यांचे? मी म्हणते, आपण भजनाला रोज धरतो ती पेटी कुठली? तीही युरोपातूनच आली. जळगावात आपण ज्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह बांधले, त्या बालगंधर्वांच्या गाण्याला ऑर्गनची साथ असे. वाद्य कुठून आले यापेक्षा त्यातून कोणाचे सूर निघतात ते महत्त्वाचे.

आता ऐकावे कसे ते सांगते. त्याला शिक्षण लागत नाही, सवय लागते. एखादे जुने, पाठ असलेले गाणे घ्या. पहिल्यांदा नेहमीसारखे ऐका. दुसऱ्यांदा गायिकेचा आवाज सोडून द्या आणि फक्त मागची व्हायोलिने धरा. ती कधी वर जातात, कधी गप्प बसतात ते पाहा. तिसऱ्यांदा सर्वांत खालचा जाड सूर धरा. भिंतीला पाया असतो, तसा तो असतो. चौथ्यांदा सगळे एकत्र ऐका. तेच गाणे तुम्हाला नवे वाटेल. भाकरी थापताना, कपड्यांच्या घड्या घालताना हे करता येते. आणि एकदा या मागच्या लोकांचे काम कानांना दिसू लागले की ते पुन्हा अदृश्य होत नाही.

शेवटी मुद्द्याचे बोलते. या सगळ्यात मला एक गोष्ट लागून राहिली. जे लिहून ठेवले ते उरले, आणि ज्यावर नाव लिहिले त्याचेच नाव उरले. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या जात्यावर, शेतात गात. सोपानदेवांनी आणि घरातल्या नातलगाने ती गाणी लिहून ठेवली म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठावर त्यांचे नाव आहे. न लिहिणाऱ्या बाईचे नाव विद्यापीठाच्या दारावर लागले, ते कोणीतरी वही उघडली म्हणून.

धुळ्याला माझ्या एक थोरल्या काकू होत्या. कानबाईची गाणी त्यांना इतकी येत की रात्र संपे, गाणी संपत नसत. काही परंपरेची, काही त्यांनी स्वतः जुळवलेली. काकू गेल्या, आणि त्यांची जुळवलेली गाणी कोणापाशी राहिली नाहीत. घरोघरी अशी एखादी काकू असते. स्वयंपाक तिचा, सणवार तिचे, गाणी तिची, आणि पत्रिकेवर नाव दुसऱ्याचे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतले ते वादक आणि आपण, यांत मला फार अंतर दिसत नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. येत्या श्रावणापासून मंडळाने एक शंभर पानी वही घालावी. कानबाईची, ओव्यांची, लग्नातल्या हळदीची गाणी ज्या वडीलधाऱ्या बायांना येतात त्यांच्याकडून ती अहिराणीत, जशीच्या तशी, लिहून घ्यावीत. चालीसाठी सुनांनी-मुलींनी ती मोबाइलवर मुद्रित करावीत. आणि प्रत्येक गाण्याखाली चार गोष्टी न चुकता लिहाव्यात: म्हणणारीचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव आणि तारीख. जिने पेटी धरली, जिने ढोलकी धरली, तिचेही नाव लिहावे. वहीचा खर्च माझ्याकडे.

पुढे केव्हातरी आपल्या खान्देशात एखादा व्लादिगेरोव्ह, एखादा गोन्साल्विस जन्माला येईल. तापीकाठचे सूर मोठ्या वाद्यवृंदात न्यावे असे त्याला, किंवा तिला, वाटेल. तेव्हा त्याला हाताशी काहीतरी सापडले पाहिजे. ते आपल्या वहीत सापडावे.